सक्तीचे मतदान आणि मताचे मोल

निवडणूक आटोपली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मतदानाची टक्केवारी प्रसिद्ध होते, आणि ती समाधानकारक नसली की सुशिक्षितांच्या बैठकीत एक उपाय हमखास सुचवला जातो : मतदान सक्तीचे करावे, जो मत देणार नाही त्याला दंड करावा, त्याच्या सवलती काढून घ्याव्यात. इयत्ता दहावीच्या राज्यशास्त्रातील ‘निवडणूक प्रक्रिया’ हे प्रकरण शिकवीत असताना हाच उपाय आमच्या वर्गात एका विद्यार्थ्याने मोठ्या आवेशाने मांडला. बहुतेकांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरील एक मुलगा तेवढा गप्प होता. त्याचे आईवडील त्या हंगामात ऊसतोडीला गेलेले होते. गावात मतदान चालू असताना ते गावापासून दीडदोनशे किलोमीटरवरच्या फडात मोळ्या बांधीत होते. तास संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, “सर, मग दंड माझ्या बापाला पण बसंल का?” त्या दिवशी आम्ही ‘नाही रे’ म्हणून वेळ मारून नेली. विद्यालयाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर नीट, इतिहासाचा आधार घेऊन द्यावे, अशी आमची इच्छा आहे.

सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ऑस्ट्रेलियात १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्क्यांहूनही कमी मतदान झाले. १९२४ साली तेथील संसदेने मतदान बंधनकारक करणारा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, मतदान ९१ टक्क्यांच्या वर गेले. सबळ कारणाशिवाय मत न देणाऱ्याला तेथे आजही २० डॉलरचा दंड होतो. आकडा पाहून कोणीही प्रभावित होईल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने आकड्यापाशी थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे, की हे ९१ टक्के कोणापैकी? १९०२ च्या मताधिकार कायद्याने तेथील मूलनिवासींना, थोडे अपवाद सोडता, मतदार यादीच्या बाहेर ठेवले होते. त्यांना देशपातळीवरील निवडणुकीत मताचा हक्क मिळाला १९६२ मध्ये, आणि इतर नागरिकांप्रमाणे नावनोंदणीचे बंधन त्यांना लागू झाले १९८४ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार दशके तो देश एका माणसाला मत दिले नाही म्हणून दंड करीत होता आणि दुसऱ्याला मत द्यायला आला तर दारातून परत पाठवीत होता.

बेल्जियमची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथे १८९३ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार देण्यात आला आणि त्याच वेळी मतदान सक्तीचे झाले. पण मालमत्ता असणाऱ्यास आणि उच्च शिक्षण घेतलेल्यास जादा मते दिली गेली, एकेकास तीन मतांपर्यंत. कामगाराला एक मत, मालकाला तीन, आणि हजर राहण्याची सक्ती मात्र दोघांनाही सारखीच. ब्राझीलमध्येही मतदान सक्तीचे आहे. तेथील निरक्षरांना मताचा हक्क मिळायला १९८५ उजाडावे लागले. ही उदाहरणे सांगण्याचा हेतू एवढाच, की सक्ती आणि समता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक आली म्हणून दुसरी येते, असे इतिहासात दिसत नाही. नेदरलँड्सने १९१७ मध्ये मतदानाची सक्ती आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व या दोन्ही गोष्टी एकदमच स्वीकारल्या. पुढे १९७० मध्ये सक्ती काढून टाकली, प्रमाणशीर प्रतिनिधित्व मात्र जपले. अनुभवाअंती कोणती वस्तू टाकावी आणि कोणती ठेवावी याचा तो एका देशाने दिलेला निवाडा आहे.

आपल्याकडे हा प्रयोग गुजरातने करून पाहिला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत मतदान बंधनकारक करणारे विधेयक तेथील विधानसभेने २००९ मध्ये संमत केले. राज्यपालांची संमती मिळाली २०१४ मध्ये. २०१५ च्या नियमांत शंभर रुपये दंड ठरला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. विधी आयोगानेही मार्च २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात सक्तीच्या विरुद्ध मत नोंदवले. त्याआधी सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मतदान यंत्रावर देण्याचा आदेश देताना, सर्व उमेदवार नाकारणे हीसुद्धा मतदाराची अभिव्यक्तीच आहे, असे मानले होते. शंभर रुपये ही रक्कम सभागृहात बसून लहान वाटते. ऊसतोडीच्या जोडप्याला फडातून गावी येऊन परत जायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडते, मुकादमाची उचल अंगावर असते, एसटीचे भाडे वेगळे. त्याला मत देण्याचा खर्चच शंभर रुपयांच्या कितीतरी पट आहे. ज्याची गाडी दारात उभी आहे आणि जो सुट्टी म्हणून महाबळेश्वरला जातो, त्यालाही दंड शंभरच.

येथे आम्हाला आपल्या धम्मपरंपरेतील एका नियमाची आठवण होते. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाचा दाखला दिला होता : बैठकीची गणसंख्या, ठराव मांडण्याची रीत, शलाकांनी मत घेणे, हे सारे बुद्धाच्या संघाला ठाऊक होते. विनयपिटकात शलाकाग्रहणाचे प्रकारही सांगितले आहेत, गुप्त, कानात सांगून आणि उघड. पण त्याहून महत्त्वाचा नियम महावग्गाच्या उपोसथखंधकात आहे. सीमेच्या आत राहणाऱ्या प्रत्येक भिक्खूचा संघकर्मात सहभाग हवाच. संघ अपुरा असता कर्म करता येत नाही. आजारी भिक्खूने दुसऱ्याबरोबर आपली संमती, ज्याला ‘छंद’ म्हणतात, पाठवावी. तेही शक्य नसेल तर त्याला मंचकासह उचलून आणावे. आणि हलवल्याने दुखणे वाढेल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले, तर संघाने उठून त्याच्याकडे जावे व तेथे कर्म करावे. सहभाग अनिवार्य, हे तत्त्व या नियमात आहे. परंतु तो घडवून आणण्याचा भार आजाऱ्यावर टाकलेला नाही, संघावर टाकलेला आहे.

या कसोटीवर आपली व्यवस्था तपासली तर काही ठिकाणी ती उत्तीर्ण होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील वृद्धांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देण्याची सोय होती. मतपेटी त्यांच्या घरी गेली. आम्ही शिक्षक निवडणुकीच्या कामावर असतो तेव्हा आम्हालाही टपाली मतपत्रिका मिळते, सीमेवरच्या जवानालाही मिळते. स्थलांतरित मजुराला मात्र मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने अशा मतदारांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता, पण राजकीय पक्षांच्या आक्षेपांपुढे तो सरकला नाही. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात त्याही याच दिवसांत. ऑस्ट्रेलियाने सक्ती केली हे आपण ऐकतो. तेथे मतदान शनिवारी होते, आपल्या राज्यातील दुसऱ्या मतदारसंघातील केंद्रावरही मत देता येते आणि दुर्गम वस्त्यांकडे फिरती पथके जातात, हे आपल्याला कोणी सांगत नाही. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे आमचे पहिले उत्तर असे : दंड तुझ्या वडिलांना व्हायला नको, सक्ती करायचीच असेल तर ती त्यांच्यापर्यंत मतपेटी नेण्याची शासनावर करावी.

पण एवढ्याने विषय संपत नाही. समजा, उद्या शंभर टक्के मतदान झाले. त्या मतांचे पुढे काय होते? मत मोजले जाणे आणि मताला किंमत असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर निवडणूक पद्धतीत लपलेले असते. बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनाकडे या दृष्टीने पाहिले तर असे दिसते की सत्तावीस वर्षांच्या वयापासून अखेरपर्यंत हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. चवदार तळे, काळाराम मंदिर, धर्मांतर यांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. मतदानपद्धतीविषयीच्या त्यांच्या झुंजीवर त्या मानाने कमी.

जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत साउथबरो समितीपुढे त्यांची साक्ष झाली, तेव्हा ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. मताधिकार मालमत्तेवर ठरवायचा आणि अस्पृश्यतेमुळे ज्याला मालमत्ता करताच येत नाही त्याला त्याच अटीवर बाहेर ठेवायचे, हा उलटा न्याय त्यांनी तेथे दाखवून दिला आणि अस्पृश्यांसाठी पात्रतेची अट खाली आणण्याची व स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी केली. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे ते आणखी पुढे गेले : प्रौढ मताधिकार द्या, तो दिलात तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा चालतील, नाही दिलात तर स्वतंत्र मतदारसंघ हवेत. या मांडणीतील बारकावा विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. स्वतंत्र मतदारसंघ हा त्यांच्या लेखी श्रद्धेचा विषय नव्हता. मताला किंमत कशी येईल, हा त्यांचा प्रश्न होता आणि परिस्थितीनुसार त्याचे साधन ते बदलत होते.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्य मतदाराला दोन मते मिळणार होती, एक आपल्या खास मतदारसंघात आणि एक सर्वसाधारण मतदारसंघात. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने दुसरे चित्र आले : प्रांतिक कायदेमंडळांत राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. त्याच्या जागी प्राथमिक निवडणूक आली. अस्पृश्य मतदारांनी प्रत्येक जागेसाठी चार उमेदवार निवडायचे आणि त्या चौघांपैकी कोण जाणार हे संयुक्त मतदारसंघाने, म्हणजे बहुसंख्येने सवर्ण मतदारांनी, ठरवायचे. जागा वाढल्या आणि जागेवरची पकड सैल झाली. येरवड्याच्या त्या दिवसांविषयी आपल्या समाजात भावना तीव्र आहेत व त्या का आहेत हे निराळे सांगण्याची गरज नाही. पण भावनेबरोबर हे गणितही समजून घेतले पाहिजे.

यानंतरचे एक साधन मात्र जवळजवळ विस्मरणात गेले आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात बहुसदस्य मतदारसंघ होते आणि मतदान ‘संचयी’ पद्धतीचे होते. जेवढ्या जागा तेवढी मते, आणि ती सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मोकळीक. याने काय साधते ते वर्गात आम्ही फळ्यावर असे मांडतो. समजा, वसतिगृहात चाळीस मुले आहेत आणि तीन प्रतिनिधी निवडायचे आहेत. अठ्ठावीस मुले एका गटाची, बारा दुसऱ्या गटाची. प्रत्येकाला तीन मते, पण एका उमेदवाराला एकच मत देता येते असा नियम केला, तर मोठ्या गटाच्या तिन्ही उमेदवारांना प्रत्येकी अठ्ठावीस मते पडतात, लहान गटाच्या उमेदवाराला बारा. तिन्ही जागा मोठ्या गटाला. आता तीच मुले, तीच मते, फक्त नियम बदलला : तिन्ही मते एकालाच देता येतील. लहान गटाच्या एकाच उमेदवाराला छत्तीस मते मिळतात. मोठ्या गटाकडे एकूण चौऱ्याऐंशी मते आहेत. ती तिघांत वाटली तर प्रत्येकी अठ्ठावीसच, आणि दोघांत वाटली तर बेचाळीस-बेचाळीस. कशीही वाटली तरी एक जागा लहान गटाला जातेच. मुले हे गणित दोन-तीनदा पुसून पुन्हा मांडतात, काही तरी चलाखी असेल अशा संशयाने. चलाखी नसते. मतदानाची टक्केवारी दोन्ही वेळा शंभर, आणि निकाल वेगळा. त्या १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते, तरी त्याच्या सतरा उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. याचे सारे श्रेय मोजण्याच्या पद्धतीला देणे अन्यायाचे होईल, संघटना होती आणि बाबासाहेबांचे नेतृत्व होते. पण पद्धतीने वाट अडवली नाही, हे खरे.

पुढे १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जवळजवळ सर्वत्र पराभव झाला आणि बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याचा मार्ग मुंबईतून उरला नाही. ते गेले बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पुढाकाराने. हे कसे घडू शकले? संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडायचे होते, आणि ती निवडणूक एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने, म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने होती. मूठभर आमदार एकत्र आले तर त्यांना आपला एक माणूस पाठवता येत होता. साध्या बहुमताची पद्धत असती तर तो मार्गही बंद झाला असता.

नंतर आले १९५२. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार नोंदले गेले. स्त्री-पुरुष, साक्षर-निरक्षर, सर्वांना एकाच वेळी मत. त्याची तरतूद अनुच्छेद ३२६ मध्ये आहे. बाबासाहेब उभे होते उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांचे जोडीदार. आता नियम १९३७ चा राहिला नव्हता. मतदाराला दोन मते होती, परंतु एका उमेदवाराला एकापेक्षा अधिक मत देता येत नव्हते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद होई. निष्ठेने बाबासाहेबांच्याच पेटीत दोन्ही चिठ्ठ्या टाकणाऱ्याचे एक मत वाया जात होते. मतमोजणीत हजारो मते बाद ठरली, मते वाया घालवण्याचा प्रचार झाल्याची तक्रार करीत बाबासाहेब व मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली, ती फेटाळली गेली. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले होते. आणि त्याच वर्षी तेच बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले. विधानसभेत फेडरेशनचे बळ नगण्य होते. परंतु राज्यसभेची निवडणूक संविधानानुसार एकल संक्रमणीय मताने होते, आणि इतर काही आमदारांच्या पाठिंब्याने ते शक्य झाले. तोच माणूस, तेच वर्ष; एका पद्धतीत पराभव, दुसऱ्या पद्धतीत विजय. निवडणूक पद्धतींची तुलना शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला जगाच्या इतिहासात सापडलेले नाही.

सक्तीच्या मतदानाविषयी बोलताना १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही आठवली पाहिजे. हाही द्विसदस्य मतदारसंघ होता, जोडीदार पुन्हा अशोक मेहता. विदर्भातील जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत ती हकीकत अशी, की काहींनी बाबासाहेबांना मते ‘कुजवण्याचा’ सल्ला दिला. द्विसदस्य मतदारसंघात राखीव जागेवर सर्वाधिक मतांचा अनुसूचित जातीचा उमेदवार जाई आणि उरलेली जागा उरलेल्यांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्यास, मग तो कोणीही असो. आपल्या मतदारांनी दुसरे मत मेहतांना न देता कोरे ठेवले, तर मेहतांची मते घटतील आणि राखीव जागा हुकली तरी सर्वसाधारण जागा बाबासाहेबांना मिळू शकेल, असा तो हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे नेमके असेच घडले : दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना गेल्या आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६१ मध्ये द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले. पण भंडाऱ्यात बाबासाहेबांनी तो सल्ला साफ नाकारला. मत कुजवायला आपण सांगणार नाही, हरलो तरी चालेल, ही त्यांची भूमिका होती. मेहता निवडून आले, बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी हरले.

कोणत्याही कायद्याची सक्ती नसताना, स्वतःच्या पराभवाची किंमत देऊन, मत वापरलेच पाहिजे असे सांगणारा हा पुरुष आहे. म्हणून जे मित्र आम्हाला म्हणतात की सक्तीला विरोध करणे म्हणजे बेफिकिरीला मोकळीक देणे, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. मत देणे हे कर्तव्य आहेच. पण कर्तव्य आणि दंडनीय अपराध यांच्यामध्ये बरीच जागा आहे, आणि माणसाचे शील त्या जागेत घडते. पंचशीलाचे पालन न करणाऱ्याला आपण दंड आकारत नाही.

येथे एक अडचण आहे आणि ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी बहुसदस्य मतदारसंघ व संचयी मताची दुरुस्ती मांडली, तेव्हा तिला विरोध केला तो स्वतः बाबासाहेबांनी. त्यांची दोन कारणे मुख्य होती. प्रमाणशीर पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते आणि देशात ती नाही. दुसरे, कायदेमंडळाचे अनेक तुकडे पडले तर संसदीय शासन टिकणार नाही. अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांची सोय केली आहे, हेही त्यांनी सांगितले. मग आम्ही कोणते बाबासाहेब मानायचे, १९३७ चे की १९४९ चे? आमच्या मते ही विसंगती नव्हे. साधन परिस्थितीनुसार ठरवावे ही त्यांची सायमन आयोगापुढचीच रीत येथेही दिसते. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी साक्षरतेचे कारण आज उरलेले नाही. या विद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलामुलींनीच ते निकालात काढले आहे. स्थिर शासनाचे कारण मात्र अजून जिवंत आहे व त्यावर गंभीरपणे विचार करावा लागेल.

सध्याच्या पद्धतीचा हिशेब पाहा. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला सुमारे ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या. बहुजन समाज पक्षाला देशभरात चार टक्क्यांहून अधिक, म्हणजे सव्वादोन कोटींच्या वर मते पडली. मतांच्या प्रमाणात तो देशातील तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष होता, आणि त्याची एकही जागा आली नाही. या सव्वादोन कोटी मतदारांना कमी मतदानाचा दोष कोणी देऊ शकत नाही. त्यांनी रांगेत उभे राहून मत दिले होते. अशा मतदाराला दंडाची भीती घालून आपण नेमके काय दुरुस्त करणार आहोत?

अर्थात पद्धतीला दोष देऊन आपली सुटका होत नाही. १९९८ मध्ये याच साध्या बहुमताच्या पद्धतीत महाराष्ट्रातून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे रिपब्लिकन नेते लोकसभेत गेले, तेही चौघे खुल्या जागांवरून. गट एकत्र आले होते आणि काँग्रेसशी समझोता होता. पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. प्रत्येक गल्लीत एक गट, प्रत्येक गटाचा एक उमेदवार, आणि काही उमेदवार तर केवळ मते खाण्यासाठी उभे केलेले. भंडाऱ्यात बाबासाहेबांनी जे करायला नकार दिला ते आपण आज दर निवडणुकीत, आपल्याच हाताने, निळा झेंडा लावून करतो. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण या स्मरणिकेचे वाचक घरचेच आहेत.

इतर देशांत काय चालते याची धावती नोंद करतो. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांसाठी १८६७ पासून स्वतंत्र जागा आहेत. माओरी मतदाराने आपले नाव माओरी यादीत ठेवायचे की सर्वसाधारण यादीत, हे तो स्वतः ठरवतो. आपल्याकडे जी मागणी देश फोडणारी म्हणून धिक्कारली गेली ती तेथे दीड शतकाहून अधिक काळ चालू आहे आणि देश फुटलेला नाही. १९९६ पासून त्या देशाने मिश्र प्रमाणशीर पद्धतही स्वीकारली. तेथे नावनोंदणी बंधनकारक आहे, मतदान ऐच्छिक. आणि अगदी शेजारी, तथागतांची जन्मभूमी लुंबिनी ज्या देशात आहे त्या नेपाळमध्ये, प्रतिनिधी सभेच्या २७५ पैकी १६५ जागा थेट मतदारसंघांतून आणि ११० प्रमाणशीर याद्यांतून भरल्या जातात. या याद्यांत दलितांचा वाटा ठेवणे पक्षांवर बंधनकारक आहे. भारतासाठी अशी मिश्र पद्धत विचारात घेण्यासारखी आहे, असे आमचे मत झाले आहे. तिच्यामुळे स्थिरता किती ढळेल याची चर्चा व्हावी. पण चर्चा याची व्हावी, दंडाच्या रकमेची नव्हे.

आमच्या शहरांत महानगरपालिकांची चार सदस्यांच्या प्रभागाची जी पद्धत आहे तिला काही जण बहुसदस्य म्हणून प्रमाणशीर पद्धतीच्या जवळची समजतात. तसे नाही. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेचे मत वेगळे असते आणि चारही जागांवर तेच बहुमत निर्णायक ठरते. वर सांगितलेल्या वसतिगृहाच्या उदाहरणातील पहिला नियम तो हाच.

यंदा विद्यार्थी मंडळाच्या तीन जागांची निवडणूक आम्ही मुख्याध्यापकांच्या परवानगीने संचयी पद्धतीने घेतली. मतदान ऐच्छिक होते. त्या दिवशी तापाने खोलीत पडलेल्या दोन मुलांकडे पेटी घेऊन मतदान अधिकारी झालेली मुलेच गेली. महावग्गातील नियम त्यांना तासाला सांगितलेला होता. मतमोजणीला मागच्या बाकावरचा तो मुलगाही बसला होता. प्रत्येक चिठ्ठीवर तीन मते, कोणी दोन-एक वाटलेली, कोणी तिन्ही एकालाच दिलेली. बेरीज दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जुळली, आणि जेवणाची घंटा होऊन गेल्यावर निकाल फळ्यावर लागला.